स्टेबलकॉइनची पाठवणी : नेटवर्क व वॉलेट यांची निवड कशी करावी

परदेशीं नोकरीस असलेल्या मुलानें घरीं पैसे पाठवावे ही गोष्ट आमच्या शेतकरी कुटुंबांत आतां नवी राहिलेली नाहीं. नवें आहे तें पैसे पाठविण्याचें साधन. बँकेकडे न जातां मोबाईलवरूनच "स्टेबलकॉइन" या नांवाचें डॉलरचें टोकन पाठविण्याचा प्रघात कांहीं तरुण मंडळींत पडूं लागला आहे, आणि "हें काय आहे, आणि यांत आमचा पैसा बुडणार तर नाहीं ना?" असें विचारीत संघाच्या कचेरींत येणारे सभासदही आढळूं लागले आहेत. "हें सारें वाईट" किंवा "हें सारें चांगलें" असें एका वाक्यांत उत्तर देणें सोपें आहे. पण त्यानें कोणाचेंच हित होत नाहीं. आमच्या पाहण्यांत जें नुकसान आलें तें लबाडीनें झालेलें नव्हतें. एक साधा प्रश्न योग्य वेळीं योग्य माणसास न विचारल्यानें झालें होतें. तो प्रश्न कोणता, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

एक घडलेली हकीकत

निफाड तालुक्यांतील आमच्या एका द्राक्षबागाईतदार सभासदाचा मुलगा दुबईस नोकरीला आहे. ऑक्टोबरच्या छाटणीस मजुरी, औषधें व खतें यांसाठीं हातीं रोकड लागते, हें बागाईतदारांस सांगावयास नको. सभासदानें एका एक्सचेंजमध्यें, म्हणजे टोकनांची खरेदीविक्री करणाऱ्या पेढींत, आपल्या नांवें खातें उघडलें होतें. त्या खात्याचा पत्ता त्यानें मुलास कळविला व मुलानें १,८०० यूएसडीटी पाठविले. पाठवितांना मोबाईलनें विचारलें, "नेटवर्क कोणतें ?" समोर चार-पांच नांवें होतीं, ज्यापुढें खर्च सर्वांत कमी दिसला त्यावर मुलानें बोट ठेविलें. मोबाईलनें "व्यवहार पूर्ण" असें दाखविलें. वडिलांच्या खात्यांत मात्र एक पैही जमा झाली नाहीं.

चौकशीअंतीं कळलें तें असें : पेढीनें दिलेला पत्ता केवळ इथेरियम या नेटवर्कवरील रकमा घेण्यासाठीं होता आणि मुलानें रक्कम बीएनबी स्मार्ट चेन या दुसऱ्या नेटवर्कवरून पाठविली होती. पैसा चोरीस गेला नव्हता, पत्ताही चुकला नव्हता. तरी पेढीच्या जमाखर्चांत तो आला नाहीं. अर्जविनंत्या करून अकरा आठवड्यांनीं, फी कापून, ती रक्कम परत मिळाली. तोंवर बागेची छाटणी औषधांच्या दुकानदाराच्या उधारीवर उरकावी लागली; आणि उधारीचा माल रोखीच्या भावानें मिळत नाहीं. हा सभासद तरी दैववान म्हणावयाचा. अशी रक्कम परत देण्याचें साफ नाकारणाऱ्या पेढ्याही आहेत.

टोकन म्हणजे काय ?

स्टेबलकॉइन हें सरकारी नाणें नव्हे. ती एका कंपनीची हुंडी आहे. "या प्रत्येक टोकनामागें आम्ही एक डॉलर राखून ठेवूं व योग्य रीतीनें मागणाऱ्यास तो देऊं," असें कंपनीचें वचन असतें, व त्या वचनावरच टोकनाचा भाव एक डॉलरच्या आसपास राहतो. या हुंड्यांपैकीं दोन सर्वांत मोठ्या आहेत. यूएसडीटी ही टेथर कंपनीची, २०१४ पासूनची. आणि यूएसडीसी ही सर्कल कंपनीची, २०१८ पासूनची.

हुंडीची किंमत ती लिहिणाऱ्या पेढीच्या पतीइतकीच असते, हा जुना नियम येथेंही लागू आहे. मार्च २०२३ मध्यें अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हां सर्कल कंपनीचे ३३० कोटी डॉलर त्या बँकेंत अडकले. त्या बातमीसरशी यूएसडीसीचा भाव एका डॉलरवरून नव्वद सेंटांच्याही खालीं गेला. तेथील सरकारनें ठेवीदारांच्या रकमेची हमी घेतल्यावर तो थोड्याच दिवसांत पूर्वपदावर आला. टेराયूएसडी नांवाच्या टोकनाची गोष्ट याहून वाईट झाली. त्याच्यामागें डॉलरची अशी राखीव गंगाजळी नव्हती, केवळ हिशेबाची एक युक्ति होती. मे २०२२ मध्यें तें कोसळलें तें पुन्हां उठलें नाहीं. म्हणून कोणत्या नेटवर्कवरून पाठवावें हें ठरविण्यापूर्वीं, ज्यामागें खरी ठेव आहे असेंच टोकन हातीं घ्यावें.

नेटवर्क म्हणजे रुळांचें माप

नेटवर्क, किंवा ब्लॉकचेन, ही एक सामायिक खतावणी आहे. तिच्या प्रती जगभरच्या अनेक संगणकांवर असतात आणि कोणत्या पत्त्यावर किती टोकनें आहेत हें तींत लिहिलेलें असतें. एकदां पक्की झालेली नोंद खोडतां येत नाहीं. या गुणामुळें तिचा उपयोग पैशाखेरीज इतर कामींही होतो. आपल्याच राज्यांत गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें २०२२ मध्यें जातीच्या दाखल्यांची नोंद अशा एका नेटवर्कवर करण्याचा उपक्रम झाला. तें नेटवर्क पॉलिगॉन. २०१७ सालीं मॅटिक या नांवानें तें भारतीय तरुणांनींच सुरू केलें.

परंतु खतावणी एकच नाहीं, अनेक आहेत; आणि एकीचें लिहिणें दुसरीस कळत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील वयोवृद्ध वाचकांस बार्शी लाईट रेल्वे आठवत असेल. १८९७ त सुरू झालेल्या या रेल्वेचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते, व मुंबईहून सोलापुराकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाचे साडेपांच फूट रुंदीचे. कुर्डुवाडीस दोन्ही मार्ग एकमेकांस भेटत. परंतु एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरावा, हमाली द्यावी, दुसऱ्या डब्यांत भरावा, तेव्हां तो पुढें जाई. पुढें हे लहान रूळ मोठ्या मापाचे झाले व तो त्रास संपला. नेटवर्कांच्या जगांत मात्र निरनिराळ्या मापांचे रूळ आजही शेजारी शेजारी आहेत. यूएसडीटी नांवाचें पोतें सर्वांवरून जातें. पण इथेरियमच्या रुळांवरील पोतें ट्रॉनच्या स्टेशनावर उतरत नाहीं.

पत्त्याच्या रूपावरून नेटवर्काची जात थोडीफार ओळखतां येते. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी या अक्षरानें सुरू होतो. इथेरियमचा पत्ता शून्य व एक्स या दोन चिन्हांनीं सुरू होतो व पुढें चाळीस अंक-अक्षरें असतात. सोलानाचा पत्ता या दोहोंहून निराळा दिसतो. ट्रॉनच्या पत्त्यावर इथेरियमवरून पाठवूं गेल्यास मोबाईलच बहुधा हरकत घेतो. तेव्हां तेथें चूक होण्याचा संभव थोडा. खरा धोका एकसारख्या दिसणाऱ्या पत्त्यांत आहे. बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम व बेस या सर्वांनीं इथेरियमच्याच पत्त्यांची पद्धति उचललेली आहे. त्यामुळें एकच पत्ता या पांचही खतावण्यांत योग्य दिसतो, मोबाईल हरकत घेत नाहीं, आणि रक्कम भलत्याच खतावणींत त्याच पत्त्यापुढें लिहिली जाते. निफाडच्या सभासदाचें झालें तें हेंच.

अशा वेळीं पुढें काय होईल हें त्या पत्त्याची किल्ली कोणाच्या हातीं आहे यावर अवलंबून असतें. किल्ली स्वतःपाशीं असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. आपल्या वॉलेटमध्यें तें दुसरें नेटवर्क निवडतांच रक्कम दिसूं लागते. किल्ली पेढीपाशीं असेल, तर रक्कम काढून देणें तिला बहुधा शक्य असतें. पण तें सर्वस्वीं तिच्या मर्जीवर व तिच्या फीवर राहतें.

खर्च कोणता व किती ?

नेटवर्कचा खर्च रकमेच्या प्रमाणांत नसतो. दहा यूएसडीटी पाठवा कीं दहा हजार पाठवा, एका वेळच्या नोंदीस खर्च तोच. मात्र तो टोकनांत नव्हे, तर बहुतेक वॉलेटांत त्या त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यांत द्यावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वॉलेटमध्यें हजार यूएसडीटी आहेत, पण नेटवर्कचें नाणें नाहीं, म्हणून एकही टोकन हलवितां येत नाहीं, अशी अवस्था होते; मोटेला बैल आहेत पण नाडा नाहीं, तशांतला हा प्रकार. म्हणून मुख्य नेटवर्कांची माहिती येथें देतों.

इथेरियम (२०१५ पासून) : खर्च ईथर या नाण्यांत. गर्दी नसेल तेव्हां खर्च थोडा, गर्दींत भारी. २०२१ च्या तेजींत एका साध्या पाठवणीस कित्येक डॉलर, प्रसंगीं दहा-वीस डॉलरही पडत. यावर टोकनाची नोंद ईआरसी-२० या नांवानें दिसते.

ट्रॉन (२०१८ पासून) : खर्च टीआरएक्स या नाण्यांत. यूएसडीटीची मोठी वाहतूक यावरून होते. ज्या पत्त्यावर पूर्वीं यूएसडीटी नाहीं अशा कोऱ्या पत्त्यावर पाठविल्यास खर्च सुमारें दुप्पट येतो. यावरील नोंद टीआरसी-२० या नांवाची.

बीएनबी स्मार्ट चेन (२०२० पासून) : खर्च बीएनबी या नाण्यांत, अगदीं थोडा. नोंद बीईपी-२० या नांवाची.

पॉलिगॉन : खर्च पीओएल या नाण्यांत, थोडा. २०२४ पर्यंत या नाण्याचें नांव मॅटिक होतें.

आर्बिट्रम (२०२१) व बेस (२०२३) : हीं इथेरियमवर आधारलेलीं नेटवर्कें असून खर्च ईथरमध्येंच, पण मूळ इथेरियमपेक्षां पुष्कळ कमी. तथापि इथेरियमवर ठेविलेलें ईथर येथें कामास येत नाहीं. तें त्या त्या नेटवर्कवरच असावें लागतें.

सोलाना (२०२० पासून) : खर्च एसओएल या नाण्यांत, फार थोडा. घेणाऱ्याच्या पत्त्यावर तें टोकन प्रथमच येत असेल तर त्याचें खातें उघडण्यासाठीं थोडी अधिक रक्कम लागते.

सारखें नांव, निराळी हमी

एकच नांव असलेलें टोकन सर्व नेटवर्कांवर मूळ कंपनीनेंच काढलेलें असतें असें नाहीं. इथेरियम, ट्रॉन व सोलाना यांवरील यूएसडीटी टेथर कंपनी स्वतः काढते. बीएनबी स्मार्ट चेनवरील यूएसडीटी तिनें काढलेलें नाहीं. मूळ टोकन तारण ठेवून बायनान्स या पेढीनें काढलेली ती प्रत आहे. भाव सारखाच असतो. परंतु टेथरच्या वचनावर बायनान्सच्या वचनाची आणखी एक कडी वाढते. यूएसडीसीची गोष्टही तशीच. इथेरियम, सोलाना, पॉलिगॉन, आर्बिट्रम व बेस यांवर सर्कल कंपनी तें स्वतः काढते. ट्रॉनवर मात्र तिनें फेब्रुवारी २०२४ पासून नवें यूएसडीसी काढणें बंद केलें. सबब यूएसडीसी ट्रॉनवरून मागवूं नये.

एका नेटवर्कवरील टोकन दुसऱ्यावर नेण्यासाठीं "ब्रिज" नांवाच्या सोयी असतात. कुर्डुवाडीची जी मालबदली ती हीच. आणि माल बदलतेवेळींच चोराचा हात पोंचतो, हा अनुभवही तोच. मार्च २०२२ मध्यें रोनिन नांवाच्या ब्रिजवरून साठ कोटी डॉलरांहून अधिक किंमतीची चोरी झाली. घेणाऱ्यास हवें असलेलें नेटवर्क आरंभींच निवडल्यास या मालबदलीची गरजच पडत नाहीं.

वॉलेट कोणतें ?

वॉलेट म्हणजे पैशाचें पाकीट अशी समजूत आहे ती चुकीची आहे. टोकनें खतावणींत असतात. वॉलेटमध्यें असते ती त्यांची किल्ली. किल्ली कोणापाशीं, या एका प्रश्नावरून वॉलेटांचे दोन वर्ग पडतात.

पहिला वर्ग पेढीच्या खात्याचा. येथें किल्ली पेढी ठेविते. परवलीचा शब्द विसरला तर नवा मिळतो व रुपयांत रूपांतर करण्याची सोयही येथेंच असते. उलटपक्षीं पेढीवर संकट आलें तर तें ग्राहकावरही येतें. जुलै २०२४ मध्यें वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारें तेवीस कोटी डॉलरांचीं टोकनें चोरीस गेलीं, आणि ग्राहकांचीं टोकनें वर्षाहून अधिक काळ अडकून पडलीं. म्हणून पेढीचें खातें ही वखार समजूं नये. तो बाजाराचा ओटा आहे. माल आणावा, विकावा व उठावें.

दुसरा वर्ग स्वतःच्या वॉलेटचा. मेटामास्क हें २०१६ मध्यें इथेरियमसाठीं निघालें. ट्रॉनलिंक ट्रॉनसाठीं व फँटम सोलानासाठीं. यांतील कांहींनीं पुढें इतर नेटवर्केंही जोडलीं आहेत. आपल्याला जें नेटवर्क लागणार तें चालविणारें वॉलेट घ्यावें व तें मूळ कंपनीच्या दुव्यावरूनच उतरवावें. हुबेहूब नकला पुष्कळ आहेत. नवें वॉलेट उघडतांना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात. २,०४८ शब्दांच्या ठराविक यादींतून ते निवडलेले असतात आणि त्यांचा क्रम हीच खरी किल्ली. मोबाईल विहिरींत पडला तरी या शब्दांवरून सर्व परत मिळतें. शब्द हरवले व मोबाईलही गेला, तर कोणतीही कचेरी कांहीं करूं शकत नाहीं.

हे शब्द शाईनें कागदावर लिहून दोन ठिकाणीं ठेवावे. त्यांचें मोबाईलनें चित्र काढूं नये व व्हॉट्सॲपवर ते कोणास धाडूं नयेत. "तुमचें खातें तपासावयाचें आहे, शब्द सांगा," असें जो म्हणेल तो चोर आहे, यांत अपवाद नाहीं. रक्कम मोठी असेल तर किल्ली इंटरनेटपासून अलग ठेवणारें हार्डवेअर वॉलेट घ्यावें. आणखी एक गोष्ट शेतजमिनीच्या मालकास विशेष सांगण्यासारखी आहे. सातबाऱ्यास वारसनोंद लागते, वॉलेटला लागत नाहीं. कर्ता पुरुष अकस्मात् गेला आणि ते शब्द कोठें आहेत हें घरांत कोणास ठाऊक नसलें, तर ती मिळकत कायमची गेली.

पाठवणीचा क्रम

वरील माहितीवरून पाठवणीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा, असें आम्ही सुचवितों.

१. घेणाऱ्यानें आपल्या खात्याचें "जमा" हें पान उघडून टोकन व नेटवर्क दोन्ही निवडावीं, आणि पत्त्याबरोबर नेटवर्कचें नांवही लेखी कळवावें. नुसता पत्ता कळविणें म्हणजे स्टेशनाचें नांव न लिहितां मालाची पावती धाडण्यासारखें आहे.

२. टॉनसारख्या कांहीं नेटवर्कांवर पेढींत रक्कम भरतांना पत्त्याशिवाय "मेमो" नांवाचा एक आंकडाही द्यावा लागतो. पेढीनें तो मागितला असल्यास वगळूं नये. एकाच पत्त्यावर अनेक ग्राहकांची रक्कम येते व मेमोवरून ती वांटली जाते.

३. त्या नेटवर्कवर तें टोकन मूळ कंपनीनें काढलेलें आहे काय, हें कंपनीच्या यादींत पाहावें. नांव व चित्र सारखें असलेलीं बनावट टोकनेंही असतात. तीं टोकनाच्या कराराच्या पत्त्यावरून ओळखावीं. हा करार-पत्ता पाठवणीच्या रकान्यांत मात्र कधीं भरूं नये. तेथें गेलेली रक्कम परत येत नाहीं.

४. पाठविणाऱ्याच्या वॉलेटमध्यें त्या नेटवर्कचें नाणें खर्चापुरतें आहे ना, हें पाहावें.

५. प्रथम थोडी रक्कम पाठवावी. पेढीनें किमान जमेची मर्यादा घातलेली असल्यास नमुन्याची रक्कम तीहून अधिक असावी. पाठविणाऱ्याच्या मोबाईलवर काय दिसतें यावर विसंबूं नये. घेणाऱ्याच्या खात्यांत जमा झाल्याचें त्यानें स्वतः सांगावें.

६. मग उरलेली रक्कम पाठवावी; परंतु पत्ता पुन्हां घेणाऱ्याच्या लेखी निरोपावरूनच घ्यावा, जुन्या व्यवहारांच्या यादींतून उचलूं नये. चोर घेणाऱ्याच्या पत्त्याच्या पहिल्या व शेवटच्या अक्षरांशीं जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून क्षुल्लक व्यवहार करतात, म्हणजे तो आपल्या यादींत येऊन बसतो. डिसेंबर २०२५ मध्यें एका गृहस्थानें पन्नास यूएसडीटी नमुन्यादाखल बरोबर पाठविले, आणि लगेच यादींतून असा खोटा पत्ता उचलून जवळजवळ पांच कोटी यूएसडीटी चोराच्या हवालीं केले. नमुना बरोबर होता. दुसरा पत्ता पाहिला गेला नाहीं.

७. व्यवहाराच्या नोंदीचा क्रमांक, तारीख व त्या दिवसाचा रुपयांतील भाव वहींत लिहून ठेवावा. पुढें तक्रारीस व कराच्या हिशेबास तो लागतो.

कायदा व बँकेचें खातें

येथवर जें सांगितलें तें वाहतुकीचें झालें. भारतांत हीं टोकनें चलन नव्हेत. कायद्यानें तीं आभासी मालमत्ता आहे. २०२२ पासून त्यांच्या विक्रींतील नफ्यावर तीस टक्के कर व त्यावर उपकर आहे, आणि एकांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा करूं देत नाहींत. डॉलर महागला म्हणून रुपयांत जो नफा दिसेल तोही यांत येतो. शिवाय ठराविक मर्यादेपलीकडील विक्रीवर एक टक्का कर आगाऊ कापला जातो; तो विवरणपत्र भरून हिशेबांत धरतां येतो. मार्च २०२३ पासून एक्सचेंजांवर काळा पैसा प्रतिबंधक कायद्याचीं बंधनेंही आलीं असून त्यांस केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद करावी लागते. नोंद नसलेल्या पेढीशीं व्यवहार करूं नये.

परस्पर अनोळखी माणसास टोकन विकून आपल्या बँक खात्यावर रुपये घेण्याची जी रीत आहे, तिच्याविषयीं आम्हांस विशेष इशारा द्यावयाचा आहे. घेणाऱ्यानें दिलेला पैसा दुसऱ्या एकाद्या फसवणुकींतला निघाल्यास पोलिसांच्या सांगण्यावरून आपलें खातें गोठविलें जातें. तें खातें जर किसान क्रेडिट कार्डाचें किंवा पीकविम्याची भरपाई जमा होणारें असेल, तर ऐन हंगामांत शेतकऱ्याचे हातपाय बांधल्यासारखें होतें. थोड्याशा चढ्या भावासाठीं एवढी जोखीम पतकरण्याजोगी नाहीं.

परदेशांतून येणारा पैसा परकीय चलनाच्या कायद्याखालींही येतो, आणि शेतमालाच्या निर्यातीचा मोबदला अधिकृत बँकेमार्फतच यावा लागतो. द्राक्षें, कांदा किंवा डाळिंबें परदेशीं पाठविणाऱ्या बागाईतदारास एखाद्या ग्राहकानें टोकन देऊं केलें तर तें नाकारावें. बँकेची पावती नसेल तर निर्यातीचा पुरावाच अपुरा राहतो. घरखर्चासाठीं मुलाकडून येणाऱ्या रकमेसही बँक किंवा अधिकृत विनिमय पेढी हा पहिला मार्ग धरावा, व टोकनाचा विचार मनांत असल्यास आधीं जाणत्या कर-सल्लागारास विचारावें.

हिशेब मांडून पाहतां

निफाडच्या सभासदाचा हिशेब आम्हीं मांडून पाहिला. स्वस्त नेटवर्क निवडून मुलानें वांचविले असतील ते फार तर थोडे डॉलर. १,८०० यूएसडीटीच्या विक्रीवर एक टक्का म्हणजे अठरा यूएसडीटी आगाऊ करापोटीं कापले जाणारच होते; खरेदीच्या व विक्रीच्या भावांतील अंतर निराळें. यांत अडकलेल्या रकमेची फी व उधारीच्या मालाचा चढा भाव मिळविला, तर दुबईच्या विनिमय पेढींतून सरळ बँकेंत पाठविलेली रक्कम त्यास स्वस्तांत पडली असती. नेटवर्कचा खर्च हा एकंदर खर्चाचा लहानसा भाग आहे. मुलानें पाहिला तो तेवढाच.

असो. ज्यांस कांहीं कारणानें हा मार्ग धरावयाचा आहे त्यांनीं निवडीचा क्रम उलटा करूं नये. आधीं घेणाऱ्याचा पत्ता कोणतें नेटवर्क घेतो तें पाहावें. मग त्या नेटवर्कवर तें टोकन मूळ कंपनीचें आहे काय तें पाहावें. मग किल्ली कोणापाशीं राहणार तें ठरवावें. आणि या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच खर्चाकडे नजर टाकावी. बाजारास निघालेला शेतकरी अडत कोणाकडे, तोलाई कोठें, हें ठरविल्यावर मग गाडीभाडें विचारतो. स्वस्त गाडी म्हणून भलत्याच पेठेस माल नेणारा शेतकरी आम्हीं पाहिलेला नाहीं. तेवढेंच व्यवहारज्ञान मोबाईल हातीं घेतांना जवळ ठेविलें, तर छाटणीचा पैसा छाटणीच्या वेळीं घरांत येईल.